चित्रात किती आपले, किती आकाशाचे



आपल्या सर्वांच्या फोनवर आता तेजोमेघांची चित्रे नियमाने येत असतात. काही अवकाशातील दुर्बिणींनी टिपलेली, काही लडाखच्या थंडीत रात्रभर जागलेल्या हौशी निरीक्षकांनी टिपलेली. लाल, निळे, सोनेरी धुराचे लोट आणि त्यांच्या मधोमध उधळलेला ताऱ्यांचा एक गुच्छ. अशा चित्राखाली पूर्वी दोन प्रकारचे अभिप्राय दिसत. एक आश्चर्याचा आणि दुसरा प्रश्नाचा : हे रंग खरे असतात का? अलीकडे त्यांत तिसऱ्याची भर पडली आहे. 'हे सगळे संगणकाने बनवलेले आहे' असे तो ठामपणे सांगतो. मला या तिसऱ्या अभिप्रायाची चिंता वाटते, कारण तो लिहिणाऱ्यांत विद्यार्थीही असतात आणि त्यांना तसे वाटण्यात त्यांचा फारसा दोष नसतो. चित्र कसे तयार होते हे आम्ही संशोधक त्यांना क्वचितच सांगतो.

माझे काम नवजात ताऱ्यांचे निरीक्षण करण्याचे आहे. ज्या ढगांची ही चित्रे असतात, त्या ढगांत जन्मलेले तारे शोधणे, त्यांची वये आणि वस्तुमाने ठरवणे, हा माझा रोजचा व्यवसाय. त्यामुळे वरील प्रश्नाचे उत्तर देणे मला माझ्या कामाचाच भाग वाटते. सर्वसाधारण विधाने करण्याऐवजी आकाशाचा एकच तुकडा घेऊन ते उत्तर द्यावे असे ठरवले आहे.

हिवाळ्यात रात्री नऊ-दहाच्या सुमारास मृग नक्षत्राच्या उत्तरेला पाहिले, तर एक पिवळसर तेजस्वी तारा दिसतो. तो ब्रह्महृदय, सारथी या तारकासमूहातला सर्वांत ठळक तारा. त्याच्या दक्षिणेला, वृषभाच्या शिंगाच्या टोकावर, अग्नी नावाचा तारा आहे. अग्नीकडून ब्रह्महृदयाकडे कल्पनेने एक रेघ ओढावी आणि तिच्यावर सुमारे ५ अंश, म्हणजे हात लांब करून धरलेल्या मधल्या तीन बोटांच्या रुंदीइतके पुढे जावे. नुसत्या डोळ्यांना तेथे विशेष काही दिसत नाही. दुर्बीण लावली की एनजीसी १८९३ हा विरळसा तारकागुच्छ आढळतो. पुरेसा वेळ प्रकाश साठवला, तर त्या गुच्छाला वेढून असलेला आयसी ४१० हा तेजोमेघही उमटतो. हे सारे आपल्यापासून १०,००० प्रकाशवर्षांहून अधिक दूर आहे. तेजोमेघ आकाशात पूर्ण चंद्राच्या बिंबाहून थोडा मोठा भरतो आणि त्याचा प्रत्यक्ष विस्तार १०० प्रकाशवर्षांच्या घरात आहे.

या दोघांच्या शोधाच्या तारखा मोठ्या बोलक्या आहेत. गुच्छ जॉन हर्शेल यांनी १८२७ मध्ये दुर्बिणीला डोळा लावून पाहिला आणि नोंदवला. तेजोमेघ मात्र माक्स वोल्फ यांना १८९२ मध्ये सापडला, तो छायाचित्राच्या काचेवर. हर्शेल यांच्यासारखा निष्णात निरीक्षक ज्या जागेकडे पाहत होता, तेथेच तो ढग होता. परंतु डोळा प्रकाश साठवत नाही. क्षणाच्या एका लहान अंशात जेवढे किरण पोहोचतात तेवढ्यावर तो आपले मत बनवतो आणि पुढच्या क्षणी नव्याने सुरुवात करतो. छायाचित्राची काच तासभर उघडी ठेवली, तर ती तासभराचा प्रकाश एकावर एक रचत जाते. हेन्री ड्रेपर यांनी ३० सप्टेंबर १८८० रोजी मृगातील प्रसिद्ध तेजोमेघाचे पहिले छायाचित्र घेतले, तेव्हा त्यांना काच सुमारे ५० मिनिटे उघडी ठेवावी लागली होती. १८८८ मध्ये विल्यमिना फ्लेमिंग यांनी हार्वर्ड वेधशाळेतील अशाच एका काचेवर घोड्याच्या डोक्याच्या आकाराचा काळा मेघ प्रथम ओळखला. या शास्त्रात छायाचित्र हे डोळ्यांनी पाहिलेल्याची आठवण म्हणून आलेच नाही. डोळ्यांना जे दिसू शकत नव्हते, ते दाखवण्यासाठी ते आले.

'रंग खरे आहेत का' या प्रश्नात एक गृहीत दडलेले असते : आपण तेथे जवळ गेलो, तर तो ढग आपल्याला असाच दिसेल का? याचे प्रामाणिक उत्तर 'नाही' असे आहे. मृगातला तेजोमेघ लहान दुर्बिणीतून पाहणाऱ्यांना बहुधा राखाडी, फार तर किंचित हिरवट दिसतो आणि त्यांची निराशा होते. मंद प्रकाशात आपल्या डोळ्यांतील रंग ओळखणाऱ्या शंकुपेशी काम करीत नाहीत. त्या वेळी काम करतात त्या दंडपेशी. त्यांना रंग कळत नाही आणि गडद लाल प्रकाश त्यांना जवळजवळ दिसतच नाही. तेजोमेघातील हायड्रोजनचा सर्वांत ठळक प्रकाश नेमका तेथेच, ६५६.३ नॅनोमीटर तरंगलांबीवर, असतो. जवळ गेल्यानेही फरक पडणार नाही, कारण जवळून तो ढग आकाराने मोठा दिसेल, पण त्याच्या प्रत्येक तुकड्याची उजळता तेवढीच राहील. लाल प्रकाश तेथे आहे, तो मोजता येतो, त्याची तरंगलांबी दशांश चिन्हापुढे कित्येक आकड्यांपर्यंत ठाऊक आहे. तो आपल्या डोळ्यांच्या मर्यादेपलीकडे आहे, इतकेच. गंमत अशी की, एकोणिसाव्या शतकातील छायाचित्रांच्या काचाही लाल प्रकाशाला जवळजवळ आंधळ्या होत्या. वोल्फ यांच्या काचेवर उमटला तो त्याच ढगाचा निळ्या बाजूचा प्रकाश. प्रत्येक साधन आपल्या वाट्याचा प्रकाश उचलते, हे तेव्हापासून तसेच चालत आले आहे.

हा प्रकाश येतो कोठून, हेही थोडक्यात सांगायला हवे. एनजीसी १८९३ मध्ये ओ वर्गाचे निदान पाच तारे आहेत. त्यांच्या पृष्ठभागाचे तापमान ३०,००० अंशांहून अधिक असते आणि ते प्रामुख्याने अतिनील किरण फेकतात. हे किरण भोवतालच्या हायड्रोजनच्या अणूंतून इलेक्ट्रॉन उडवून लावतात. उडालेला इलेक्ट्रॉन पुन्हा अणूत परततो आणि पायऱ्या उतरावे तसा ऊर्जेच्या पातळ्या उतरत जातो. त्यांतील एका ठरावीक पायरीवर तो लाल प्रकाश बाहेर पडतो. आपल्या देशातील विद्यार्थ्यांना येथे मेघनाद साहा आठवतील. उष्णतेने अणूंचे आयनीभवन किती होते याचे समीकरण त्यांनी १९२० मध्ये मांडले आणि ताऱ्यांच्या वर्णपटांचा अर्थ त्यामुळे लागला. तेजोमेघात हेच आयनीभवन उष्णतेऐवजी ताऱ्यांच्या किरणांनी होते. तेथील वायू इतका विरळ आहे की, ऑक्सिजनचा ५००.७ नॅनोमीटरवरचा हिरवट प्रकाशही त्यातून मुक्तपणे बाहेर पडतो. पृथ्वीवरच्या प्रयोगशाळेत अणू एकमेकांवर आदळत राहतात, त्यामुळे तो सहसा दिसत नाही. १८६४ मध्ये विल्यम हगिन्स यांनी तेजोमेघाच्या वर्णपटात ही रेषा पाहिली, तेव्हा कोणत्याच परिचित मूलद्रव्याशी ती जुळेना. पुढे 'नेब्युलियम' नावाचे एक काल्पनिक मूलद्रव्यही कल्पिले गेले. १९२७ मध्ये आयरा बोवेन यांनी ती ऑक्सिजनचीच असल्याचे दाखवून दिले.

आता प्रत्यक्ष चित्राकडे वळू. लडाखमधील हानले येथे सुमारे ४,५०० मीटर उंचीवर भारतीय खगोलभौतिकी संस्थेची दोन मीटर व्यासाची हिमालयीन चंद्र दुर्बीण आहे. ती २००० सालापासून आकाश पाहते आहे. तेथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जेमतेम ६० टक्के असतो. म्हणून निरीक्षक बहुधा तेथे जात नाही. तो बंगळूरुजवळच्या होसकोटे येथील केंद्रात बसतो आणि उपग्रहाच्या दुव्यावरून दुर्बीण चालवतो. बाहेर नारळाची झाडे, डासांचा त्रास, आणि समोरच्या पडद्यावर शून्याखाली पंधरा-वीस अंशांतला घुमट, हा विरोधाभास मला अजूनही अंगवळणी पडलेला नाही.

आयसी ४१० चे एक वैशिष्ट्य असे की, तो हानलेच्या जवळजवळ बरोबर डोक्यावरून जातो. ठिकाणाचा अक्षांश सुमारे ३२.८ अंश आणि या मेघाची क्रांती सुमारे ३३.४ अंश. निरीक्षणासाठी ही उत्तम गोष्ट, कारण वर पाहताना वातावरणाचा थर सर्वांत पातळ असतो. पण दुर्बिणीची अडचण वेगळीच असते. तोफेप्रमाणे आडवी आणि उभी फिरणारी ही दुर्बीण नेमके डोक्यावर आलेले लक्ष्य धरून ठेवू शकत नाही. तेथे तिला क्षणात अर्धे वर्तुळ आडवे फिरावे लागेल आणि तेवढा वेग त्या अवजड यंत्राला जमत नाही. म्हणून आम्ही मेघ पूर्वेकडून चढत असताना काही छायाचित्रे घेतो, डोक्यावरून जाताना थांबतो आणि पश्चिमेला कलू लागला की पुन्हा सुरू करतो. त्या मधल्या वेळेत चहा होतो.

दुसरी अडचण अधिक मूलभूत आहे. तारकागुच्छ आणि तेजोमेघ एकाच चित्रात हवे असतात, पण त्यांच्या मागण्या परस्परविरोधी असतात. गुच्छातील तेजस्वी तारे काही सेकंदांतच सीसीडीचे कप्पे इलेक्ट्रॉनांनी काठोकाठ भरून टाकतात. मग त्या ताऱ्याची खरी उजळता कायमची हरवते, कारण भरलेल्या घागरीवरून किती पाणी वाहून गेले हे सांगता येत नाही. उलट मेघाच्या कडेचा पुसट वायू दहा-दहा मिनिटांच्या अनेक छायाचित्रांची बेरीज केल्यावाचून दिसत नाही. म्हणून पाच सेकंदांची, पन्नास सेकंदांची आणि पाच-दहा मिनिटांची अशी वेगवेगळी छायाचित्रे घ्यावी लागतात. शिवाय आमच्या कॅमेऱ्याला एका वेळी जेमतेम १० कलामिनिटांचा, म्हणजे चंद्रबिंबाच्या व्यासाच्या एक-तृतीयांश रुंदीचा चौकोन दिसतो. संपूर्ण मेघ हवा असेल, तर गोधडीसारखे तुकडे जोडावे लागतात. हौशी निरीक्षकाच्या तीन-चार इंची दुर्बिणीत मात्र तो सगळाच्या सगळा एका चौकटीत मावतो. मोठी दुर्बीण खोल पाहते आणि लहान दुर्बीण रुंद पाहते. दोन्ही लागतात.

घेतलेले छायाचित्र लगेच वापरता येत नाही. प्रकाश पडला नसतानाही कॅमेरा जो आकडा दाखवतो, तो वजा करावा लागतो. चकतीचे सगळे कप्पे सारखे संवेदनशील नसतात, काचेवर धूलिकण असतात. म्हणून संध्याकाळच्या एकसारख्या उजळ आकाशाचे छायाचित्र घेऊन त्याने भागावे लागते. इतक्या उंचीवर वैश्विक किरणही अधिक आदळतात आणि चित्रात खोट्या ताऱ्यांसारखे ठिपके उमटवतात. एकच दृश्य अनेकदा टिपून त्यांतील मधली किंमत घेतली की, एकाच चित्रात आलेला तो पाहुणा गळून पडतो. यांतील प्रत्येक पायरी लिहून ठेवलेली असते आणि दुसऱ्या कोणालाही ती पुन्हा करून पाहता येते.

रंगांचा प्रश्न यानंतर येतो. आमच्या कॅमेऱ्याला रंग कळत नाही, तो फक्त प्रकाश किती पडला ते मोजतो. समोर हायड्रोजनच्या लाल रेषेचा फिल्टर ठेवून एक चित्र, ऑक्सिजनच्या रेषेचा ठेवून दुसरे, गंधकाच्या ६७२ नॅनोमीटरजवळच्या रेषांचा ठेवून तिसरे, अशी कृष्णधवल चित्रे मिळतात. त्यांना रंग आम्ही देतो. हबल दुर्बिणीने १९९५ मध्ये टिपलेले गरुड तेजोमेघातील स्तंभांचे चित्र बहुतेकांनी पाहिले असेल. त्यात गंधकाला लाल, हायड्रोजनला हिरवा आणि ऑक्सिजनला निळा रंग दिला होता. हायड्रोजन आणि गंधक या दोन्हींचा प्रकाश मुळात लालच आहे. दोघांना लालच ठेवले असते, तर कोणता वायू कोठे आहे हे कळले नसते. भूगोलाच्या नकाशात पर्वत तपकिरी आणि मैदाने हिरवी रंगवतात, तेव्हा कोणी नकाशाला खोटा म्हणत नाही, कारण कोपऱ्यात सूची दिलेली असते. तेजोमेघाचे चित्र फोनवर फिरू लागते तेव्हा त्याची सूची मागे राहते, आणि संशय तेथून सुरू होतो.

याबाबतची माझी समज पुस्तकांतून जेवढी आली, तेवढीच घरातूनही आली. माझ्या वडिलांचा आमच्या तालुक्याच्या गावी फोटो स्टुडिओ होता. मागच्या खोलीत लाल दिवा, हायपोचा वास आणि दोरीवर चिमट्यांनी लटकवलेले ओले फोटो. दुपारी गिऱ्हाईक नसे, तेव्हा बाबा तिरप्या काचेवर निगेटिव्ह ठेवून टोकदार पेन्सिलीने त्यावर बारीक काम करीत. लग्नासाठी दाखवायच्या फोटोंत डोळ्यांखालची काळी वर्तुळे ते हलकी करीत. देवीचे व्रण मात्र ते पूर्ण पुसत नसत. "उजेड आपल्या हातात आहे, चेहरा आपल्या हातात नाही," असे ते म्हणत. कधी एखादी बाई नवऱ्याच्या पश्चात त्याचा एकट्याचा जुना फोटो घेऊन येई. दोघांचा एकत्र फोटो कधी काढलाच नव्हता, तो करून हवा असे. बाबा दोन निगेटिव्ह जोडून तसा फोटो करून देत, आणि फोटोच्या पाठीवर शाईने लिहीत : 'दोन फोटो जोडून', खाली तारीख. लहानपणी मला ते विचित्र वाटे. इतके सफाईने जोडल्यावर मागे लिहून ठेवायचे कशाला? पुढे वेधशाळेच्या छायाचित्रांशी ओळख झाली, तेव्हा पाहिले की प्रत्येक फाइलच्या आरंभी एक मजकूर असतो : तारीख, वेळ, दुर्बीण, फिल्टर, किती सेकंद, आणि नंतर त्या चित्रावर काय काय केले त्याचा इतिहास. ही पद्धत १९८१ पासून जगभरच्या वेधशाळा पाळतात. मला ती शिकावी लागली नाही.

एकदा आयसी ४१० चे रंगीत चित्र मी घरी पाठवले. बाबांनी ते फोनवर बराच वेळ मोठे करकरून पाहिले, असे आईने सांगितले. रात्री त्यांचा फोन आला.

"फोटो छान आहे. पण मला एक सांग, यातलं तुझं किती आणि आकाशाचं किती?"

"बाबा, रंग आम्ही दिलेत."

"ते दिसतंय. मी रंगाचं विचारत नाही. आकार कुणाचे?"

हा प्रश्न मला आजवर विचारल्या गेलेल्या प्रश्नांत सर्वांत नेमका वाटतो, आणि जे उत्तर त्यांना दिले तेच येथे देते. आकार सगळे आकाशाचे. कोणता भाग अधिक उजळ आणि कोणता कमी, हा क्रमही आकाशाचा. पुसट भाग दिसावा म्हणून आम्ही उजळतेची पट्टी ताणतो, पण ती सर्व चित्रावर सारख्याच नियमाने ताणतो. एका कोपऱ्यात एक नियम आणि दुसऱ्या कोपऱ्यात दुसरा असे करीत नाही. यंत्राने घातलेली भर आम्ही वजा करतो. रंगांचे वाटप आमचे, आणि ते सांगितलेच पाहिजे. जे कॅमेऱ्यावर पडले नाही ते चित्रात घालायचे नाही. आणि ताऱ्यांची उजळता मोजायची असते, तेव्हा हे ताणलेले, रंगवलेले चित्र बाजूला ठेवून मूळ आकड्यांवरच काम करायचे.

या नियमांचे महत्त्व ताऱ्यांच्या जन्मक्षेत्रात इतर कोठल्याही ठिकाणापेक्षा अधिक आहे. आयसी ४१० मध्ये दोन लांबट ढग आहेत. आकारामुळे त्यांना बेडूकमासे म्हणतात. दोघांची डोकी गुच्छाकडे आणि शेपट्या विरुद्ध दिशेला. प्रत्येकाची लांबी १० प्रकाशवर्षांच्या आसपास. ज्या ढगातून गुच्छ जन्मला, त्याचे हे उरलेले दाट अवशेष. ओ वर्गाच्या ताऱ्यांचे किरण आणि वारे त्यांना समोरून झिजवत आहेत आणि पदार्थ मागे वाहून नेत आहेत. या झिजणाऱ्या डोक्यांच्या आसपास हायड्रोजनचा लाल प्रकाश स्वतः फेकणारे अगदी तरुण तारे आढळले आहेत. गुच्छाचे वय काही दशलक्ष वर्षे धरले, तर हे तारे त्याहूनही धाकटे असावेत. मोठ्या ताऱ्यांच्या दाबाने ढग चेपला जाऊन त्यांचा जन्म झाला, की ते तसेही जन्मणारच होते, हा आमच्या क्षेत्रातला खरा वादाचा मुद्दा आहे. त्याचे उत्तर या मंद ताऱ्यांच्या अचूक मोजणीवर अवलंबून आहे.

आणि हेच तारे मोजायला सर्वांत कठीण. मोकळ्या आकाशात ताऱ्याची उजळता मोजताना त्याच्या भोवतालच्या कड्यातील पार्श्वभूमी वजा करतात. येथे पार्श्वभूमी स्वतःच ठिकठिकाणी बदलणारा, त्याच लाल रंगात चमकणारा मेघ आहे. कडे थोडे इकडे-तिकडे सरकले तरी उत्तर बदलते. समोरचा ठिपका तारा आहे, की वायूची एक उजळ गाठ आहे, हे एका चित्रावरून ठरत नाही. मग रेषेच्या शेजारच्या प्रकाशात तो दिसतो का ते पाहायचे, अवरक्त किरणांत पाहायचे. हानलेच्या याच दुर्बिणीवर मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने बनवलेले अवरक्त उपकरण आहे. शेवटी, शक्य झाल्यास, वर्णपट घ्यायचा. एका ठिपक्याला 'तारा' म्हणण्यापूर्वी अशी तीन-चार साक्षीदारांची तपासणी होते.

आजकाल चित्रातून तारे वेगळे काढणारी आणि खरखर पुसणारी संगणकीय साधने सहज मिळतात. असंख्य चित्रांवरून शिकून ती अंदाज बांधतात की, ताऱ्याच्या जागी मेघ कसा दिसला असता, आणि तो अंदाज तेथे भरतात. भिंतीवर लावण्यासाठी चित्र करणाऱ्याने ती वापरली, तर माझी हरकत नाही. मात्र तसे चित्राखाली लिहावे. कारण ती सर्वप्रथम पुसतात ते बेडूकमाशाच्या डोक्याजवळचे मंद ठिपके, ज्यांच्यासाठी आम्ही ही सारी खटपट करतो. आणि त्यांच्या जागी ती जे भरतात, ते सुंदर असते, पटण्यासारखेही असते, पण आकाशाने पाठवलेले नसते. बाबांच्या भाषेत, येथे उजेडाचे काम संपून चेहऱ्याचे काम सुरू होते.

शेवटचा मुद्दा काळोखाचा. शहरातील हौशी निरीक्षक आता अरुंद पट्ट्याचे फिल्टर वापरून गच्चीवरूनही तेजोमेघ टिपतात, आणि त्यांचे कौशल्य खरोखर कौतुकास्पद आहे. हायड्रोजनच्या रेषेपुरता प्रकाश आत घेऊन बाकी सारा अडवला की, रस्त्यावरच्या दिव्यांचा बहुतांश उजेडही अडतो. त्यामुळे काळोख गेला तरी चालेल, साधने आहेतच, असा एक समज पसरू लागला आहे. तो अर्धाच खरा आहे. मेघाचा प्रकाश मोजक्या रेषांत असतो म्हणून तो असा वाचवता येतो. ताऱ्यांचा प्रकाश सर्व रंगांत पसरलेला असतो, आणि धुळीवरून परावर्तित होणारा निळसर प्रकाशही तसाच. पांढऱ्या एलईडी दिव्यांचा उजेड त्याच रंगांत मिसळतो. तेथे कोणताही फिल्टर या दोघांना वेगळे करू शकत नाही. शहरातून घेतलेल्या चित्रात मेघ उरतो, आणि गुच्छातील मंद, धाकटे तारे व त्यांच्याभोवतीची धूळ बुडून जाते.

डिसेंबर २०२२ मध्ये लडाख प्रशासनाने हानलेच्या परिसरातील सुमारे १,०७३ चौरस किलोमीटर क्षेत्र काळोखी आकाशाचे राखीव क्षेत्र म्हणून अधिसूचित केले. भारतातील हे असे पहिलेच. तेथील गावांतील तरुण-तरुणींना दुर्बिणी आणि प्रशिक्षण देण्यात आले, आणि आता ते पाहुण्यांना आकाश दाखवतात. खिडक्यांना जाड पडदे, दिव्यांना झाकणे, रात्री गाड्यांचे दिवे मंद ठेवणे, अशा साध्या गोष्टींवर हे सारे चालते. दोन मीटरच्या दुर्बिणीचे भवितव्य एखाद्या घराच्या अंगणातल्या दिव्यावर कसे अवलंबून असते, हे तेथील लोकांना आपल्यापेक्षा चांगले समजलेले आहे.

विद्यार्थी मित्रांनो, तुम्हाला माझे सांगणे एवढेच. चित्रावर आंधळा विश्वास ठेवू नका आणि त्याला सरसकट खोटेही म्हणू नका. त्याला प्रश्न विचारा. कोणत्या दुर्बिणीने, कोणत्या फिल्टरमधून, एकूण किती वेळ? कोणत्या वायूला कोणता रंग दिला? काही काढले का, काही भरले का? ज्याने चित्र काळजीपूर्वक केले आहे, तो या प्रश्नांनी दुखावत नाही. उलट त्याला आनंद होतो. अनेक वेधशाळांची मूळ छायाचित्रे आज कोणालाही विनामूल्य उतरवून घेता येतात आणि ती उघडणारी साधनेही फुकट मिळतात. एनजीसी १८९३ चे कृष्णधवल चित्र उतरवा, उजळतेची पट्टी स्वतः ताणून पाहा. कोठे थांबायचे हे ठरवताना जो हात अडखळतो, त्यात या विषयाचे बरेचसे शिक्षण आहे.

आणि येत्या हिवाळ्यात एखाद्या निरभ्र रात्री ब्रह्महृदय आणि अग्नी यांच्यामधल्या त्या रिकाम्या वाटणाऱ्या जागेकडे एकदा नुसत्या डोळ्यांनीही पाहा. महाराष्ट्रातून ती जागा डोक्यापासून थोडी उत्तरेला दिसते. तुमच्या गावातून त्या भागात किती तारे मोजता येतात, ते खाली अवश्य लिहा. गावाचे नाव आणि वेळही लिहा.